बनी पार्कालगतचा लोहमार्ग: जयपूर–रींगस रेल्वेची उभारणी, विराम आणि पुनरारंभ

जयपूरच्या तटबंदीबाहेर, चांदपोल दरवाजाच्या पश्चिमेस पसरलेल्या बनी पार्क या वसाहतीला वाहतुकीच्या दोन मोठ्या ठाण्यांचा शेजार लाभला आहे. एका अंगाला जयपूर जंक्शन हे रेल्वेस्थानक आणि दुसऱ्या अंगाला सिंधी कॅम्प हे राज्य परिवहनाचे मुख्य बसस्थानक, अशी तिची स्थिती असून जिल्हाधिकारी कचेरीही याच वसाहतीत असल्यामुळे आसपासच्या जिल्ह्यांतून कामानिमित्त येणाऱ्या माणसांचा येथे पूर्वापार राबता आहे. जंक्शनातून निघून या वसाहतीच्या पश्चिमेकडून उत्तरेला ढेहर का बालाजी या स्थानकाकडे जाणारा लोहमार्ग पुढे चौमू, रींगस आणि सीकर या गावांना जातो व जयपूरला शेखावाटी या प्रदेशाशी जोडतो. सुमारे शंभर वर्षे अखंड चाललेला हा मार्ग २०१६च्या अखेरीस बंद झाला आणि सुमारे तीन वर्षांनी, २०१९च्या ऑक्टोबरात, नव्या रुळांनिशी पुन्हा उघडला. युद्ध, पूर किंवा तोटा यांपैकी कोणत्याही कारणाने तो बंद पडला नव्हता. दोन रुळांमधील अंतर बदलण्यासाठी तो जाणीवपूर्वक बंद करण्यात आला होता. मार्ग पुन्हा उघडणे आणि त्यावर पुरेशा गाड्या आणणे ही दोन वेगळी कामे असून दुसरे काम पहिल्याइतकेच अवघड असते, ही गोष्ट या मार्गाच्या इतिहासातून फार स्पष्टपणे दिसते.

दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. भारतातील पहिल्या रेल्वे साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीच्या ब्रॉडगेजवर बांधल्या गेल्या. परंतु हा खर्च सरकारी तिजोरीला जड जाऊ लागल्यावर लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, १८७०च्या सुमारास, दुय्यम प्रदेशांसाठी अरुंद आणि स्वस्त गेज स्वीकारण्याचे ठरले. त्या वेळी हिंदुस्थानात मेट्रिक मापे लागू होण्याची अपेक्षा असल्यामुळे हे अंतर नेमके एक मीटर ठेवण्यात आले. मापे काही त्या काळी बदलली नाहीत, पण गेज मात्र टिकले. राजपुताना हा प्रदेश या धोरणाचे पहिले मोठे क्षेत्र ठरला: दिल्ली ते रेवाडी हा मीटरगेज मार्ग १८७३मध्ये सुरू झाला, आग्र्याकडून बांदीकुईमार्गे येणारा मार्ग १८७४मध्ये जयपूरला पोहोचला आणि १८७५मध्ये तो अजमेरपर्यंत गेला. सवाई रामसिंह दुसरे यांच्या राज्यात रेल्वे आली ती अशी, साम्राज्य सरकारच्या गरजेपोटी. सांभर सरोवरातील मिठाचे उत्पादन इंग्रजांनी जयपूर आणि जोधपूर या संस्थानांकडून करारान्वये आपल्याकडे घेतले होते आणि ते मीठ उत्तर हिंदुस्थानच्या बाजारात नेण्यासाठी हा मार्ग उपयोगी होता.

या पहिल्या रचनेत जयपूर शहर मुख्य मार्गावर होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रेवाडी ते फुलेरा असा जोडमार्ग बांधला गेला, तेव्हा चित्र बदलले. बांदीकुई आणि जयपूर यांना बाजूला ठेवून दिल्लीहून अजमेर व अहमदाबादकडे जाण्याची ती जवळची वाट होती आणि रींगस हे गाव त्या वाटेवर होते. राजधानीपासून अवघ्या ५५–६० किलोमीटरांवरून मोठी वाहतूक जात असूनही राजधानीचा तिच्याशी थेट संबंध नव्हता. याच काळात जयपूर दरबाराने स्वतःच्या रेल्वेचा विचार चालवला होता. सवाई माधोसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत सांगानेर ते सवाई माधोपूर हा मार्ग १९०७पर्यंत पूर्ण झाला. त्यानंतर उत्तरेकडे लक्ष वळले आणि जयपूर–रींगस–सीकर या वाटेचे काम पहिल्या महायुद्धाच्या काळात हाती घेतले जाऊन १९२४पर्यंत रूळ झुंझुनूपर्यंत पोहोचले. जयपूर स्टेट रेल्वे या नावाने ओळखल्या गेलेल्या या जाळ्याचे पहिल्या काळातील संचालन बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीकडे होते. संस्थानाने मार्ग बांधायचा आणि शेजारच्या मोठ्या कंपनीने आपली इंजिने, डबे व माणसे लावून तो चालवायचा, ही पद्धत तेव्हा अनेक संस्थानांत रूढ होती. तिचा एक फायदा असा की मार्गाचा करार आणि गाड्यांचा करार यांचा विचार एकाच वेळी होई, कारण गाडीवाचून रुळांवर घातलेल्या पैशाला कोणतेच उत्पन्न नव्हते.

शेखावाटीच्या दृष्टीने ही रेल्वे उशिरा आली. सीकर, खेतडी, नवलगढ, मंडावा ही जयपूर संस्थानाच्या छत्राखालील ठिकाणे उंटांच्या तांड्यांच्या व्यापारावर वाढली होती आणि मुंबई–कलकत्त्याची बंदरे लोहमार्गांनी उत्तरेशी जोडली गेल्यावर तांड्यांचा व्यापार ओसरला. येथील सावकार आणि अडते घराबाहेर पडून कलकत्ता, मुंबई, वऱ्हाड आणि खानदेशात स्थिरावले. गावाकडे पैसा येत राहिला आणि त्यातून हवेल्या उभ्या राहिल्या. त्या हवेल्यांच्या भिंतींवर देवदेवतांच्या आणि हत्तीघोड्यांच्या शेजारी आगगाडीही रंगवलेली आढळते: ओळीने एकसारखे डबे, प्रत्येक खिडकीत एक चेहरा आणि पुढे धूर सोडणारे इंजिन. कित्येक ठिकाणी चितारी प्रत्यक्ष गाडी पाहण्याआधी ऐकीव वर्णनावरून आणि छापील चित्रांवरून ती काढत असावेत, असे त्यांतील चाकांच्या व इंजिनांच्या रचनेवरून वाटते. मराठी वाचकाला या स्थलांतराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे जमनालाल बजाज. १८८९मध्ये सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात जन्मलेले जमनालाल बालपणीच वर्ध्याच्या बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक गेले आणि पुढे प्रजामंडळाच्या चळवळीसाठी जन्मभूमीकडे वळले. १९३८च्या अखेरीस जयपूर संस्थानात प्रवेश करण्यास त्यांना मनाई झाली, तेव्हा सवाई माधोपूर हे त्यांना अडवण्याचे ठिकाण ठरले; दक्षिणेकडून येणाऱ्यासाठी दरबारी रेल्वेचे प्रवेशद्वार तेच होते.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वेची स्थापना झाली आणि जयपूर स्टेट रेल्वे तिच्यात विलीन झाली. त्यानंतरची चाळीस वर्षे हा या मार्गाचा सर्वांत भरभराटीचा काळ म्हणता येईल, कारण मीटरगेजचे जाळे तेव्हा देशभर सलग होत गेले. खांडवा ते हिंगोली हा दुवा १९६०च्या आसपास पूर्ण झाल्यावर उत्तरेचे आणि दक्षिणेचे मीटरगेज एकमेकांना मिळाले. जयपूरहून निघणारी मीनाक्षी एक्सप्रेस अजमेर, चित्तोडगढ, रतलाम, खांडवा या वाटेने अकोला, वाशिम, हिंगोली, पूर्णा आणि नांदेड करीत हैदराबादेकडे जात असे. विदर्भ–मराठवाड्यातल्या ज्या प्रवाशाला मुंबई किंवा भोपाळमार्गे गाड्या बदलत जावे लागले असते, त्याला ही गाडी एका डब्यात बसवून थेट राजस्थानात नेत होती. शेखावाटीतील सीकरचा आणि वऱ्हाडातील अकोल्याचा व्यापारी एकाच रुंदीच्या रुळांनी जोडलेला होता, ही गोष्ट आजच्या नकाशावरून ओळखू येत नाही.

१९९२मध्ये रेल्वेमंत्री सी. के. जाफर शरीफ यांच्या काळात एकगेज प्रकल्प जाहीर झाला. देशातील मुख्य मार्ग ब्रॉडगेजचे करणे हा त्याचा हेतू होता आणि तो योग्यही होता. दोन गेजांच्या सांध्यावर प्रत्येक पोते उतरवून पुन्हा चढवावे लागे आणि त्यात वेळ, मजुरी व माल या तिन्हींची नासाडी होई. मात्र हे काम एकदम होणे शक्य नसल्यामुळे त्याचा एक दुष्परिणाम ठरलेलाच होता. मुख्य मार्ग रुंद झाले की त्यांना मिळणारे छोटे मार्ग एकाकी बेटांसारखे उरत. सवाई माधोपूर, दिल्ली आणि अजमेर या तिन्ही दिशांचे रूळ १९९०च्या दशकात ब्रॉडगेजचे झाले, २०१०च्या सुमारास फुलेरा–रेवाडी मार्गही बदलला आणि जयपूर–रींगस–सीकर तसेच तेथून चुरू व लोहारूकडे जाणाऱ्या शाखा एवढेच मीटरगेज मागे राहिले. अजमेरच्या कारखान्याशी, जेथे १८९५मध्ये भारतात बांधलेले पहिले वाफेचे इंजिन तयार झाले होते, या मार्गाचा रुळांवरून असलेला थेट संबंध तुटला. जयपूर जंक्शनात मीटरगेजची गाडी शेखावाटीकडून येई आणि तेथूनच परत फिरे. पुढे दिल्लीला, कोट्याला किंवा मुंबईला जाणाऱ्यास गाडी बदलावीच लागे.

जयपूर–रींगस–सीकर–चुरू आणि सीकर–लोहारू या सुमारे ३२० किलोमीटरांच्या गेज परिवर्तनाचा प्रकल्प या पार्श्वभूमीवर मंजूर झाला. सीकर–लोहारू हा भाग २०१५मध्ये ब्रॉडगेजवर आला, नंतर रींगस–सीकर झाला आणि जयपूर–रींगस हा राजधानीला लागून असलेला तुकडा शेवटी उरला. सीकरला दिल्लीची ब्रॉडगेज गाडी लोहारूमार्गे मिळू लागली, तरी जयपूरची मिळत नव्हती, अशी विचित्र अवस्था त्यामुळे काही वर्षे राहिली.

गेज परिवर्तन म्हणजे रूळ थोडे दूर सरकवणे, असा समज असतो. प्रत्यक्षात तो जुन्या वाटेवर नवा मार्ग बांधण्याचाच प्रकार असतो. मीटरगेजचे लोखंडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे आधार, काढून तेथे पूर्वताणित काँक्रीटचे जड स्लीपर टाकावे लागतात; त्यासाठी खडीचा थर आणि खालचा भराव दोन्ही रुंद करावे लागतात. जुन्या पुलांच्या मोऱ्या आणि खांब जास्त वजनाच्या गाडीला पुरत नसल्यामुळे ते नव्याने बांधावे लागतात, वळणे मोठ्या त्रिज्येची करावी लागतात आणि ब्रॉडगेजचा डबा अधिक रुंद असल्याने फलाट मागे सरकवून उंच करावे लागतात. बनी पार्कपासून ढेहर का बालाजीपर्यंतच्या पट्ट्यात यात आणखी एक अडचण होती. शंभर वर्षांपूर्वी हा मार्ग मोकळ्या माळावरून गेला होता. आता त्याच्या दोन्ही बाजूंना दाट वस्ती होती आणि जेथे पूर्वी फाटक पुरत असे तेथे खालून वा वरून रस्ता काढणे भाग होते.

मार्ग बंद असताना शेखावाटीचा प्रवासी नाहीसा झाला नाही; तो बनी पार्कच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेला. जंक्शनाऐवजी सिंधी कॅम्प हे त्याचे ठाणे झाले. सीकरचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५२चा भाग असून हाच महामार्ग दक्षिणेस धुळे, छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूरमार्गे कर्नाटकात उतरतो. या रस्त्यावर सरकारी आणि खासगी बसची वर्दळ आधीपासून होती, ती वाढली. याच वर्षांत सीकर हे स्पर्धापरीक्षांच्या शिकवणी वर्गांचे मोठे केंद्र बनत होते, म्हणजे प्रवासाची मागणी वाढत असताना रेल्वे तेथे नव्हती. बंद मार्गाच्या इतिहासात हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण प्रवाशाची सवय एकदा रस्त्याकडे वळली की केवळ रूळ टाकल्याने ती परत येत नाही. बस दर थोड्या वेळाने सुटते. दिवसातून दोन वेळा सुटणारी गाडी स्वस्त असली तरी तिच्याशी स्पर्धा करू शकत नाही.

नवा किंवा बदललेला मार्ग प्रवाशांसाठी उघडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्ताची परवानगी लागते. हा अधिकारी रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. बांधणाऱ्यानेच आपल्या कामाला प्रमाणपत्र देऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. तो ट्रॉलीवरून मार्ग तपासतो, पूल आणि सिग्नल पाहतो आणि शेवटी विशेष गाडी वेगाने पळवून चाचणी घेतो. जयपूर–रींगस तुकड्याने हे सोपस्कार पार पाडल्यावर २०१९च्या ऑक्टोबरात जयपूर आणि सीकर यांच्यामध्ये गाड्या सुरू झाल्या. कायद्याच्या दृष्टीने मार्ग उघडला तो तेव्हा. परंतु परवानगी मिळते ती रुळांना. त्यांवर किती गाड्या धावाव्यात याविषयी त्या परवानगीत काही नसते.

गाडी सुरू करायची तर चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली म्हणजे रेक, अर्थात एकमेकांना जोडून गाडी म्हणून फिरणारा डब्यांचा संच. मीटरगेजचे जुने डबे नव्या रुळांवर निरुपयोगी असतात, त्यामुळे मार्गाबरोबर त्याच्या सगळ्या गाड्याही बाद होतात आणि ब्रॉडगेजचे डबे अन्यत्र असलेल्या साठ्यातून मिळवावे लागतात. दुसरी म्हणजे देखभालीची सोय: डब्यांचा खालचा भाग तपासण्यासाठी खोदलेला खड्डा असलेला रूळ, ज्याला पिट लाइन म्हणतात, तिच्यावर प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीला ठरावीक तास हवे असतात. तिसरी म्हणजे इंजिनचालक आणि गार्ड. चौथी म्हणजे वेळापत्रकातली मोकळी जागा, जिला रेल्वेच्या बोलीत पाथ म्हणतात. आणि जयपूर जंक्शनासारख्या गजबजलेल्या स्थानकात खरी टंचाई हिचीच असते, कारण सकाळी शहरात येण्याची आणि संध्याकाळी परतण्याची जी वेळ शेखावाटीच्या प्रवाशाला सोयीची, त्याच वेळी दिल्ली, अजमेर आणि कोट्याच्या गाड्यांनी फलाट भरलेले असतात. या गर्दीवर उपाय म्हणून खातीपुरा हे शहराच्या पूर्वेकडील स्थानक पुढे पूरक टर्मिनल म्हणून वाढवण्यात आले.

नव्या रेकची वाट पाहत बसण्यापेक्षा असलेल्या गाड्या नव्या मार्गावर ओढून घेणे, हा अशा वेळी रेल्वेचा नेहमीचा उपाय असतो आणि जयपूर–सीकर मार्गावर तोच केला गेला. दिल्लीहून लोहारूमार्गे सीकरला येऊन थांबणारी सैनिक एक्सप्रेस पुढे जयपूरपर्यंत वाढवण्यात आली. झुंझुनू आणि सीकर या जिल्ह्यांतून सैन्यात जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याने या गाडीला तिचे नाव शोभते आणि प्रवासीही मिळतात. प्रयागराजहून जयपूरला येणाऱ्या गाडीचाही पल्ला वाढवून ती सीकर–चुरूमार्गे बिकानेरकडे नेण्यात आली. विस्ताराच्या या पद्धतीत नवे डबे फार लागत नाहीत, कारण शेवटच्या स्थानकात तासन्‌तास उभा राहणारा रेक त्याच वेळात आणखी शंभर–दोनशे किलोमीटर धावू शकतो. तिची मर्यादाही तेथेच आहे. लांबून आलेली गाडी रात्री-अपरात्री किंवा उशिरा पोहोचते आणि चौमूहून रोज कामाला येणाऱ्या माणसाला तिचा उपयोग होत नाही. त्याला हवी असते ती सकाळी ठरल्या वेळी येणारी छोटी गाडी. जयपूर–सीकर हे सुमारे १०७ किलोमीटरांचे अंतर अडीच तासांचे धरले, तर एक रेक दिवसात दोन जाऊन-येऊन फेऱ्या सहज करू शकतो. तरीही ती गाडी विस्तारित एक्सप्रेसपेक्षा कठीण असते, कारण तिला स्वतःचा रेक, स्वतःचे कर्मचारी आणि गर्दीच्या वेळेचा पाथ द्यावा लागतो आणि तिच्या तिकिटाचे उत्पन्न मात्र कमी असते.

ही जुळवाजुळव सुरू होऊन पाच महिने होतात तोच कोरोनाच्या साथीमुळे २२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या आणि नुकताच उघडलेला मार्ग दुसऱ्यांदा रिकामा झाला. या वेळी रूळ, पूल, सिग्नल सारे सज्ज होते. नव्हत्या त्या फक्त गाड्या. निर्बंध उठल्यावर देशभरात आधी लांब पल्ल्याच्या विशेष गाड्या आल्या आणि पॅसेंजर गाड्या सर्वांत शेवटी परतल्या, त्यामुळे जवळच्या प्रवाशाची प्रतीक्षा पुन्हा लांबली.

याच काळात मीनाक्षी एक्सप्रेसच्या जुन्या वाटेवर, महाराष्ट्रात, अगदी तशीच गोष्ट घडत होती. अकोला–पूर्णा हा भाग २००८च्या सुमारास ब्रॉडगेजचा झाला होता. अकोला–अकोट–खांडवा हा मीटरगेज २०१७च्या आरंभी बंद झाला. यापैकी अकोला–अकोट या लहान तुकड्याचे रुंदीकरण २०२०पर्यंत पुरे होऊनही त्यावर प्रवासी गाडी सुरू व्हायला २०२२चा नोव्हेंबर उजाडला. पुढचा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून, धूळघाटच्या प्रसिद्ध चक्राकार वळणावरून जात असल्यामुळे तेथे जुन्या वाटेऐवजी अभयारण्याबाहेरून नवी वाट काढण्याचा निर्णय झाला. अकोटच्या प्रवाशाने दोन वर्षे समोर तयार रूळ पाहिले आणि बसने प्रवास केला. लांबून येणारी आणि विस्तारता येईल अशी गाडी त्या तुकड्याला नव्हती, कारण पुढची वाट तुटलेली होती. जयपूर–रींगसला ती होती, कारण सीकरपलीकडचे रूळ आधीच रुंद झाले होते. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की पुनरारंभाचे गमक कोठे आहे ते कळते. मार्गाला गाड्या मिळतात त्या त्याच्या पलीकडे काय जोडलेले आहे यावरून, त्याच्या स्वतःच्या लांबीवरून नव्हे.

रींगसच्या बाबतीत ही जोडणी उत्तरोत्तर बळकट झाली आहे. ७ जानेवारी २०२१ रोजी पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा, म्हणजे केवळ मालगाड्यांसाठी बांधलेल्या स्वतंत्र लोहमार्गाचा, रेवाडी ते अजमेरजवळचे मदार हा टप्पा राष्ट्राला अर्पण झाला. तो जुन्या रेवाडी–फुलेरा जोडमार्गाच्या सोबतीनेच जातो आणि त्याच्यावरील मालगाड्यांचा भार हलका करतो. दुसरे बळ तीर्थयात्रेचे आहे. खाटू श्यामजीचे देवस्थान रींगसपासून जवळ असून फाल्गुनातील जत्रेसाठी रेल्वेला विशेष गाड्या सोडाव्या लागतात आणि रींगस ते खाटू हा सुमारे १७ किलोमीटरांचा नवा मार्गही मंजूर झाला आहे. जत्रेच्या गाड्या काही दिवसांच्या असतात, पण या मार्गावर प्रवासी आहेत हे त्या आकड्यांनिशी दाखवून देतात आणि नियमित गाडीच्या मागणीला आधार पुरवतात.

दरबारी काळात मार्ग आणि गाडी यांचा हिशेब एकाच करारात मांडला जाई. आज रुंदीकरणाचा प्रकल्प बांधकाम विभागाचा असतो आणि गाडीचा निर्णय वाहतूक व वाणिज्य विभागांच्या मार्गाने रेल्वे बोर्डापर्यंत जातो. पहिल्याची प्रगती किलोमीटरांत मोजली जाते आणि पूर्ण झाली की नोंद बंद होते, दुसऱ्याची मोजणी कोणत्याच प्रकल्प अहवालात नसते. म्हणून जयपूर–रींगस मार्गाचा पुनरारंभ २०१९मध्ये झाला असे म्हणणे सरकारी दप्तरापुरते खरे आहे. प्रवाशाच्या दृष्टीने तो हप्त्याहप्त्याने झाला: आधी मोजक्या फेऱ्या, मग साथीतला खंड, मग दुरून ओढून आणलेल्या एक्सप्रेस गाड्या. बनी पार्कच्या पश्चिमेकडून जाणाऱ्या या रुळांना सिंधी कॅम्पकडे गेलेला रोजचा प्रवासी कितपत परत आणता येतो, हे गाडीच्या वेगापेक्षा सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या वेळापत्रकात किती आहेत यावर ठरेल. आणि पुढे एखादा बंद मार्ग उघडण्याचा प्रस्ताव तयार होईल तेव्हा रुळांच्या खर्चाशेजारी रेक, पिट लाइन आणि पाथ यांचाही रकाना असावा, हा या मार्गाच्या शंभर वर्षांच्या अनुभवाचा व्यवहारी निष्कर्ष आहे.